कोण आणि किती

मोठें संकट कोसळून गेलें म्हणजे मागें राहिलेल्या मनुष्याच्या तोंडून बहुधा एकच प्रश्न निघतो: हें आमच्याच वाट्यास कां आलें? या प्रश्नास आपल्या समाजांत दोन उत्तरें मिळत आलीं आहेत. एक असें कीं, जें घडलें तें घडणारच होतें. प्रारब्धाचीं अक्षरें कोणास पुसतां येत नाहींत. दुसरें असें कीं, या जगांत कशाचा कशाशीं मेळ नाहीं. सारा आंधळा योगायोग आहे, आणि ज्याच्यावर धोंडा पडला त्याच्यावर तो पडला. पहिलें उत्तर भाविकांचें व दुसरें नास्तिकांचें, अशी सामान्य समजूत आहे. परंतु थोडा विचार केला असतां दोहोंचा परिणाम एकच होतो असें दिसून येईल. पहिलें उत्तर ऐकणारा हात जोडून बसतो आणि दुसरें ऐकणारा हात झाडून बसतो. बसतात मात्र दोघेही.

गेल्या शंभर वर्षांत या जुन्या वादांत एक नवा साक्षीदार उभा राहिला आहे. प्रारब्धवाद्यांचा साक्षीदार न्यूटनचें गतिशास्त्र हा होता. विश्वांतील प्रत्येक कणाचें स्थान व वेग एकदां ठरले म्हणजे पुढचें सारें ठरलेंच, असें त्या शास्त्राचे जुने पंडित सांगत. आणि आमच्याकडील कित्येक सुशिक्षितांस त्यांत कर्मविपाकाचा जणूं गणिती पुरावाच दिसे. पुढें विसाव्या शतकांत पुंजयामिकी, म्हणजे अणुरेणूंसारख्या अतिसूक्ष्म वस्तूंचें गतिशास्त्र, जन्मास आली. तिच्या मुळाशींच संभव, शक्यता, अनिश्चितता हे शब्द असल्यामुळें यदृच्छावाद्यांनीं तिला आपल्या बाजूची म्हणून पुकारलें. या साक्षीदाराची जबानी पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते. उलटतपासणी मात्र क्वचितच होते. ती थोडी करावी, असा आमचा हेतु आहे.

उलटतपासणीचा पहिला नियम असा कीं, साक्षीदारास त्यानें प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीविषयींच विचारावें. पुंजयामिकीनें संभवाची भाषा प्रथम कोठें वापरली? मनुष्याची इच्छा किंवा विश्वाचें भवितव्य अशा भव्य विषयांत नव्हे; तर दोन कणांच्या टकरींत. माक्स बोर्न या जर्मन शास्त्रज्ञाचें १९२६ सालचें जें लेखन या भाषेचें उगमस्थान समजलें जातें, त्याचा विषय आघातक्रियांचें गणित हाच होता. हेच बोर्न पुढें १९३५-३६ मध्यें कांहीं काळ बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें राहून गेले, आणि १९५४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां आपणही टकरीपासूनच आरंभ करूं. आणि उदाहरण दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेंतलें न घेतां, नांदेड व लातूर येथील लोक रोज जी हवा श्वासावाटे घेतात तिच्यांतलेंच घेऊं.

या हवेंत ओझोन नांवाचा वायु अल्प प्रमाणांत असतो. सूर्याच्या अतिनील किरणानें त्याचा रेणु फुटला म्हणजे ऑक्सिजनचा एक सुटा अणु बाहेर पडतो, आणि पुष्कळ वेळां तो आपल्या नेहमींच्या शांत अवस्थेंत नसतो. त्याच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी निराळी झालेली असते, आणि त्या मांडणींत सुमारें दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी जादा ऊर्जा सांठलेली असते. अशा अणूस किंवा रेणूस शास्त्रज्ञ उद्दीपित म्हणतात. ही ऊर्जा त्याला कायमची धरून ठेवतां येत नाहीं. त्याच्यापुढें मुख्यतः तीन वाटा असतात. एकान्त मिळाला तर तो प्रकाश फेंकून शांत होतो. दुसऱ्या रेणूवर आदळला तर ऊर्जा त्याच्या स्वाधीन करून शांत होतो. किंवा त्या दुसऱ्याशीं संयोग पावून निराळाच पदार्थ बनतो.

यांपैकीं कोणती वाट प्रशस्त होईल हें स्थळावर फार अवलंबून असतें. एकान्तांत या अणूचें आयुष्य सरासरीनें सुमारें दोन मिनिटें असतें. अणूंच्या जगांत दोन मिनिटें म्हणजे एक युगच होय. कारण जमिनीलगतच्या हवेंत एकेका कणास दर सेकंदास कांहीं अब्ज टकरा सोसाव्या लागतात. तेथें प्रकाश फेंकण्यास उसंत कोणाला? सेकंदाचा अब्जांश भाग लोटतो न लोटतो तोंच त्याची ऊर्जा बहुधा नायट्रोजनच्या एखाद्या रेणूच्या पदरांत पडते. तो रेणु तिच्यामुळें कांहीं कंप पावतो, दोघेही कण अधिक वेगानें धांवूं लागतात, आणि शेवटीं त्या ऊर्जेची नुसती ऊब होऊन जाते. उलट, जमिनीपासून अडीचशें किलोमीटरांच्या सुमारास हवा इतकी विरळ आहे कीं, तेथें निराळ्या रीतीनें उत्पन्न झालेला असाच अणु कोणाची गांठ न पडतां आपला तांबडा प्रकाश बाहेर टाकूं शकतो.

काळोख्या रात्रीं आकाशास स्वतःचा असा एक अतिशय मंद प्रकाश असतो. डोळ्यांस तो सहसा कळत नाहीं, यंत्रांस कळतो. कोल्हापुरास भारतीय भूचुंबकत्व संस्थेनें त्याच्या नोंदी घेतल्या आहेत. त्यांतील तांबडी छटा ही अशा उंचावरील अणूंची. हिरवी छटा सुमारें ९७ किलोमीटर उंचीवरून येते, आणि तिच्या मुळाशीं तर ऊर्जेची देवघेवच आहे. बार्थ या शास्त्रज्ञानें सुचविल्याप्रमाणें, प्रथम ऑक्सिजनचा रेणु उद्दीपित होतो. मग टकरींत तो आपली ऊर्जा ऑक्सिजनच्या सुट्या अणूस देतो. आणि तो अणु हिरवा प्रकाश देऊन शांत होतो. एकानें मिळवावें, दुसऱ्यास द्यावें आणि तिसऱ्याच्या डोळ्यांस तें दिसावें, असा हा व्यवहार आपल्या घरांच्या छपरांवर रोज रात्रीं चाललेला असतो.

आतां, टकरींत ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती कोणत्या नियमानें? दोन गोट्या एकमेकींवर आदळल्या तर काय होईल हें न्यूटनच्या शास्त्रानें सांगतां येतें. परंतु येथें ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या मांडणींत सांठलेली आहे, आणि त्या मांडणीचा हिशेब पुंजयामिकीवांचून लागत नाहीं. १९२७ सालीं बोर्न व ओपेनहायमर यांनीं या हिशेबाची एक सोपी वाट दाखविली. अणूचें केंद्रक जड व मंद, इलेक्ट्रॉन हलके व चपळ. म्हणून केंद्रकें जागच्या जागीं स्थिर आहेत असें क्षणभर धरून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढावी, मग केंद्रकें थोडीं सरकवून पुनः काढावी, आणि असें करीत जावें. याप्रमाणें सर्व स्थितींची ऊर्जा मांडली म्हणजे चढउतारांचा एक मुलूखच नकाशावर उभा राहतो. बालाघाटचे डोंगर व त्यांमधील खोरीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ही कल्पना कठीण वाटूं नये. शांत अवस्थेचा एक मुलूख, उद्दीपित अवस्थेचा दुसरा. टकरणारी जोडी यांपैकीं एका मुलुखावरून चालत असते. जेथें हे दोन मुलूख एकमेकांस भिडतात किंवा छेदतात तेथें एका मुलुखावरून दुसऱ्यावर जाण्याची संधि मिळते; आणि ऊर्जेचें हस्तांतर होतें तें अशाच ठिकाणीं.

त्या सांध्यावर जोडी कोणती वाट धरील, याचें गणित १९३२ सालीं लांडाउ, झेनर व स्ट्युकेलबर्ग या तिघांनीं स्वतंत्रपणें मांडलें. त्याचें सार इतकेंच कीं, सांधा जर सावकाश ओलांडला तर इलेक्ट्रॉनांस आपली मांडणी बदलण्यास अवधि मिळतो. धांवत ओलांडला तर तो मिळत नाहीं, आणि जुनी मांडणीच पुढें चालू राहते. दोन मांडण्यांचा परस्परसंबंध किती निकटचा आहे यावरही तें अवलंबून असतें. वेग व संबंध हीं दोन कळलीं म्हणजे सूत्रांतून एक संख्या निघते. ती संख्या हें त्या बदलाच्या संभवाचें माप होय.

आमच्या ऑक्सिजनच्या अणूच्या बाबतींत एक मौजेची अडचण आहे. इलेक्ट्रॉनांच्या परिवलनासंबंधीं एक नियम आहे. टकरींत त्यांच्या परिवलनाची एकूण बेरीज बदलूं नये, असें तो सांगतो. ऑक्सिजननें नायट्रोजनला ऊर्जा देऊन शांत व्हावें, तर हा नियम मोडतो. शास्त्राच्या भाषेंत ही क्रिया 'निषिद्ध' ठरते. तरीही प्रत्यक्षांत ती सर्रास घडते; सुमारें दहा टकरींत एक यशस्वी होते. याचा उलगडा टली या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७४ सालीं केलेल्या हिशेबांत मिळतो. हे दोघे आदळून तत्काळ विलग होत नाहींत. मुलुखांतील एका खोल दरींत ते कांहीं काळ एकत्र अडकतात, आणि त्या अवधींत सांध्यावरून पुनःपुनः येजा करतात. एका खेपेस बदल होण्याचा संभव अगदीं अल्प. परंतु खेपा अनेक, म्हणून एकूण संभव लक्षांत घेण्याजोगा होतो. हा हिशेब व प्रयोगांतील मोजमाप यांचा मेळही चांगला बसला. निषिद्ध याचा अर्थ अशक्य असा नव्हे, तर एका खेपेस दुर्मिळ, एवढाच आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

येथपर्यंत साक्षीदारानें स्वच्छ उत्तरें दिलीं. आतां त्यास विचारूं: या दहा टकरींपैकीं यशस्वी होणारी टक्कर कोणती? या क्षणीं नांदेडच्या गोदाकांठीं तरंगणारा हा विशिष्ट अणु आपली ऊर्जा याच टकरींत देईल कीं पुढच्या? यावर साक्षीदार मौन धरतो. बरें, हें मौन विम्याच्या कंपनीच्या मौनासारखें नाहीं. शंभर विमेदारांपैकीं वर्षांत किती दगावतील हें कंपनी अंदाजानें सांगते व कोण दगावेल हें सांगत नाहीं. पण प्रत्येकाची प्रकृति बारकाईनें तपासली तर अधिक सांगतां येईल अशी तेथें निदान आशा असते. तेथील अनिश्चितता आपल्या अज्ञानाची असते. पुंजयामिकीचें म्हणणें असें कीं, टकरीची पूर्वस्थिति शक्य तितकी पूर्णपणें ठाऊक असली तरीही उत्तर संभवाच्याच रूपानें मिळणार. आइन्स्टाइनसारख्या थोर पुरुषास हें अखेरपर्यंत अपुरें वाटलें. आणि खुद्द बोर्न यांनीं १९२६ सालीं असें लिहून ठेवलें कीं, अणूंच्या जगांत नियतिवाद सोडून देण्याकडे आपला कल आहे. परंतु हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, आणि केवळ पदार्थविज्ञानाच्या युक्तिवादानें त्याचा निकाल लागणार नाहीं. साक्षीदार आपल्या ज्ञानाची सीमा स्वतःच दाखवितो, हें त्याच्या विश्वासार्हतेचें लक्षण आहे.

त्याला पुकारणाऱ्यांनीं मात्र ती सीमा पाळली नाहीं. एडिंग्टन यांच्या १९२८ च्या ग्रंथापासून आणि काँप्टन यांच्या १९३५ च्या पुस्तकापासून असा एक विचार रूढ झाला कीं, अणूच्या वर्तनांतील अनिश्चिततेनें मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यास पुनः दार उघडलें. आम्हांस हा विचार टिकण्याजोगा वाटत नाहीं. समजा, आमच्या मेंदूंतील एखाद्या रेणूनें योगायोगानें एक वाट धरली आणि त्यामुळें आमच्या हातून दान घडलें; तर त्या दानाचें श्रेय आम्हांस कसें? फांसा पडल्याप्रमाणें घडलेलें कृत्य आमचें नव्हे. यदृच्छा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. तिच्यांत नियमाचें बंधन नसेल, पण विवेकाची निवडही नसते. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालच्या गीतारहस्याचें दहावें प्रकरण कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांच्या विचारास वाहिलें, आणि मनुष्याच्या प्रयत्नास वाव आहे असें प्रतिपादिलें. त्यासाठीं त्यांस सृष्टीच्या नियमांत भोक पाडावें लागलें नाहीं. तीच दिशा आम्हांस योग्य वाटते. स्वातंत्र्याचा शोध कारणांच्या अभावांत घेण्यापेक्षां, कारणें जाणून वागण्यांत घ्यावा.

मग या साक्षीदाराच्या जबानींतून नीतीच्या विचारास कांहींच लाभ नाहीं काय? आहे, पण तो 'कोण' या प्रश्नाच्या उत्तरांत नसून 'किती' या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. शंभर उद्दीपित अणूंपैकीं कोणता कोणत्या वाटेनें जाईल हें सांगतां येत नाहीं. परंतु किती कोणत्या वाटेनें जातील हें फार काटेकोरपणें सांगतां येतें. आणि तें 'किती' परिस्थितीप्रमाणें बदलतें. उंचीवर अणु प्रकाश देतो, जमिनीवर ऊब देतो. जमिनीवरही हवेंत पाण्याची वाफ किती आहे यावर बरेंच अवलंबून असतें. दमट हवेंत शंभरांपैकीं साधारण पांच ते दहा अणु नायट्रोजनच्या तडाख्यांतून सुटून पाण्याच्या रेणूस गांठतात, आणि त्या संयोगांतून हायड्रॉक्सिल नांवाचे अत्यंत क्रियाशील कण जन्मतात. चुलीचा धूर, वाहनांचा धूर, दलदलींतला मिथेन यांसारखी हवेंतली पुष्कळशी घाण जाळून नाहींशी करण्याचें काम हे कण करीत असतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत त्यांस जन्म देणाऱ्या अणूंचें प्रमाण कमी, पावसाळ्याच्या ओल्या हवेंत अधिक. एकाही अणूस कोणी आज्ञा केलेली नसते. तरीही भोंवतालची स्थिति बदलली कीं हिशेब बदलतो.

व्यक्तीचें भवितव्य अनिश्चित असतांना समूहाचें प्रमाण निश्चित असूं शकतें, आणि तें प्रमाण परिस्थितीच्या हातीं असतें, असा या जबानीचा निष्कर्ष आहे. मनुष्याचें कर्तव्य जेथें उभें राहूं शकतें ती जागा हीच, असें आमचें म्हणणें आहे. परिस्थितीपैकीं जेवढी आपल्या हातांत आहे, तेवढ्यापुरते त्या 'किती'चे आपण उत्तरदायी होतों. मग 'कोण' हें प्रारब्धानें ठरो कीं यदृच्छेनें.

हा विचार अणूंपुरता ठेवून चालणार नाहीं, म्हणून मराठवाड्यानें सोसलेल्या एका घटनेकडे वळूं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहांटे चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व त्याच्या आसपासचा, उस्मानाबाद जिल्ह्यांत पसरलेला टापू भूकंपानें हादरला. सुमारें १० हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं बसवावीं लागलीं. भूकंप हा कांहीं पुंजयामिकीचा आविष्कार नव्हे. खडकांतील ताण व भेगा यांचें ज्ञान पूर्ण असतें तर त्याचा दिवसही कदाचित् सांगतां आला असता. तेथील अनिश्चितता अज्ञानाची आहे. दोहोंस एक मानणें ही गफलत होईल. परंतु कर्तव्याच्या दृष्टीनें हा भेद निर्णायक नाहीं. त्या रात्रीं झोंपीं जाणाऱ्या माणसास अनिश्चितता अज्ञानजन्य आहे कीं मूलभूत, यानें काय फरक पडत होता? कोणती भिंत कोणाच्या अंगावर कोसळेल हें दोन्ही पक्षीं अज्ञातच होतें.

अज्ञात नव्हतें तें भिंतींचें स्वरूप. त्या भागांतील जुनीं घरें जाड दगडी भिंतींचीं. दगड ओबडधोबड, आणि ते धरून ठेवण्यास चुन्याऐवजीं किंवा सिमेंटऐवजीं माती. वर लांकडावर मातीचा जाड थर देऊन केलेलें जड छप्पर. उन्हाळ्यांत हें घर थंड राहतें, दगडमाती गांवांतच मिळते, आणि पिढ्यान् पिढ्या तें उभें राहिलेलें असतें. तेव्हां बांधणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पण जमीन आडवी हलली म्हणजे अशी भिंत उकलून पडते आणि वरचा भार निजलेल्या माणसांवर येतो. हलक्या छपराच्या झोंपडींत निजणारा गरीब त्या रात्रीं वाड्यांत निजणाऱ्यापेक्षां अधिक सुरक्षित होता. कोण मेलें हें दैव म्हणावयाचें तर म्हणा. किती मेलीं हें भिंतींनीं ठरविलें.

आणि येथेंच आमच्या 'निषिद्ध' टकरीचें स्मरण होतें. दख्खनचें पठार स्थिर समजलें जाई. देशाच्या भूकंपविषयक नकाशांत किल्लारीचा प्रदेश तेव्हां पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागांत होता. २००२ च्या सुधारलेल्या नकाशांत तो तिसऱ्या विभागांत घालण्यांत आला. नकाशा हेंही एक गणिती चित्रच असतें, आणि कमी संभव दाखविण्यांत त्याचें कांहीं चुकत नाहीं. चूक होते ती वाचणाऱ्याची. 'कमी' हा शब्द तो 'नाहीं' असा वाचतो. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानें पठाराच्या स्थैर्याविषयींची समजूत एकदां हादरविलीच होती. खुद्द किल्लारीच्या परिसरांतही १९९२ सालीं लहान धक्के जाणवले होते. एका खेपेस अल्प असलेला संभव खेपा वाढल्या म्हणजे अल्प राहत नाहीं. एका वर्षाच्या मानानें दुर्मिळ असलेली गोष्ट, घर जर शंभर वर्षें उभें राहणार असेल, तर त्या घराच्या मानानें तितकी दुर्मिळ नसते. अणूच्या दरींतील येजा आणि घराच्या आयुष्यांतील वर्षें यांचें गणित इतक्यापुरतें एकच आहे.

आतां एक आक्षेप पुढें येईल, आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. ज्या आईचें मूल ढिगाऱ्याखालीं गेलें तिला 'किती'शीं काय कर्तव्य? तिचा प्रश्न 'माझेंच कां' असा आहे, आणि प्रमाणाची भाषा तिला क्रूर वाटल्यास नवल नाहीं. आम्ही हा आक्षेप मान्य करतों. 'माझेंच कां' या प्रश्नास शास्त्राजवळ उत्तर नाहीं, आणि असल्याचा आव त्यानें आणूं नये. परंतु ती रिकामी जागा दुसऱ्या कोणीं भरावी हेंही योग्य नव्हे. पूर्वजन्मींचें कांहीं पाप असेल, असें त्या आईच्या समोर बोलणारा मनुष्य तिच्या दुःखावर आरोपाची भर घालतो. 'असाच योग होता' म्हणून खांदे उडविणारा तिला एकटी टाकून जातो. उत्तर नसलेल्या प्रश्नापाशीं मुकाट्यानें बसून राहणें हा देखील एक धर्म आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. प्रमाणाच्या भाषेंत माणसें आंकडे होऊन जातात, आणि सत्तेवरील लोक सरासरीच्या आड लपूं शकतात. हें भय खोटें नाहीं. पण त्यावर उपाय प्रमाण टाकून देणें हा नव्हे; प्रमाणाची भाषा केव्हां बोलावी व नांवाची केव्हां, हें ओळखणें हा आहे. संकट येण्यापूर्वीं 'किती' असा विचार करावा: इतकीं घरें अशा भिंतींचीं आहेत, तेव्हां इतके जीव धोक्यांत आहेत, त्यांत माझा असो वा नसो. संकट आल्यानंतर 'कोण' असा विचार करावा: या घरांत कोण होतें, त्याचें नांव काय, मागें कोण उरलें, त्याला आज काय हवें आहे. व्यवहारांत आपण नेमकें याच्या उलट वागतों. संकटापूर्वीं प्रत्येक जण 'कोण' असा विचार करतो आणि 'मी खात्रीनें नव्हे' असें उत्तर देऊन निश्चिंत होतो. संकटानंतर मात्र सर्वांस 'किती'ची घाई होते. मृतांचा आंकडा, मदतीचा आंकडा, आणि आंकडा जुळला म्हणजे प्रकरण मिटलें. आमच्या मतें प्रारब्धवाद व यदृच्छावाद यांच्या झगड्यापेक्षां ही उलटापालट अधिक घातक आहे; कारण तो झगडा न मिटतांही माणसें नीट वागूं शकतात, ही उलटापालट न सुधारतां मात्र तीं नीट वागूं शकत नाहींत.

नांदेडास १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. लातूरलाही त्याचा उपपरिसर आहे. पाण्याची ओढ, पिकांची शाश्वती नाहीं, अशा प्रदेशांतील मुलांनीं रेणूंच्या टकरींचें गणित कां शिकावें, असें विचारणारे वडीलधारे प्रत्येक घरांत असतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पुढेंमागें त्यांतून एखादें यंत्र निघेल, असें उत्तर देण्याची पद्धत आहे. यंत्र निघेल किंवा न निघेल. लातूरच्या शिकवणींची कीर्ति जिच्यावर उभी आहे त्या परीक्षेंत प्रत्येक प्रश्नास चारांपैकीं एकच बरोबर उत्तर असतें. तेथून पुढें गेलेल्या मुलास प्रथमच असें शास्त्र भेटतें कीं जें अचूक असूनही 'इतका संभव' असेंच उत्तर देतें. अमुकच होईल असें न म्हणतां आणि कांहींच सांगतां येत नाहीं असेंही न म्हणतां, जेवढें ठाऊक तेवढें नेमकें सांगावें, ही संवय त्या गणितानें लागते. ज्या प्रदेशास पावसापासून भूकंपापर्यंत सारें संभवाच्या भाषेंतच ऐकावें लागतें, त्याला या संवयीइतकी उपयोगी दुसरी वस्तु आम्हांस दिसत नाहीं.

तिची परीक्षा विद्यापीठांत होत नाहीं. घर बांधावयास काढलें म्हणजे भिंत चौकटीच्या उंचीपर्यंत येतांच गवंडी विचारतो, 'येथें लोखंड घालून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा कीं तशीच वर न्यायची?' पट्ट्यास थोडा खर्च येतो, आणि त्याचें काम पडेल असा दिवस त्या घराच्या आयुष्यांत बहुधा येणारही नाहीं. आला, तर त्या वेळीं त्या खोलींत कोण निजलेलें असेल हें त्या दिवशीं मालकास ठाऊक असणें शक्य नाहीं. कदाचित् तें अजून जन्मालाही आलेलें नसेल. त्याला 'फिरव' म्हणून सांगण्यासाठीं नियतिवादाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.